स्कॉर्पिओ लॉग, भाग ३: पाच एटी (ऑल टेरेन) टायर आणि पहिले ४,२०० किमी

मागच्या भागात शॉकअब्सॉर्बर आणि बुश झाले होते तेव्हाच माहीत होतं की पुढचा खर्च टायरचा, फक्त तो दिवाळीपर्यंत ढकलायचा विचार होता. तेवढा वेळ मिळाला नाही. मे महिन्यात मामाच्या घराच्या अलीकडच्या ओढ्यात डाव्या मागच्या टायरची साईडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, दगडाच्या धारेवर चिरली. पंक्चर नाही, चीर. बोटभर लांब, आणि वाकून बघितलं तर आतले धागे दिसत होते. ट्रेडमध्ये, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागात, खिळा गेला तर प्लग मारून पुढे जाता येतं, साईडवॉलला ती सोय नाही, कारण चालताना तो भाग सतत वाकतो आणि तिथे पॅच टिकत नाही. स्टेपनी लावली, घरी आलो, आणि त्याच रात्री सगळ्या टायरवरचा तारखेचा कोड बघितला. ३७१९, म्हणजे २०१९ सालचा ३७वा आठवडा. ट्रेड अजून बरा होता पण ब्लॉकच्या बुडाशी बारीक भेगा पडायला लागल्या होत्या, मग एकच टायर बदलण्यात काही अर्थ नव्हता.

नवीन वाचणाऱ्यांसाठी, गाडी २०१६ची एस१० फोर बाय फोर, टायर २३५/६५ आर१७. राहतो मुलुंडला, ऑफिस बीकेसीत. दर दोन-तीन आठवड्यांनी नाशिक हायवेने कसारा, तिथून विहिगाव-खोडाळ्याकडून मोखाड्याला मामाकडे, आणि तिथले शेवटचे चार किमी म्हणजे मुरूम, सुटे दगड, एक ओढा आणि पावसात चिखल. दुकानात जायच्या आधी मी एक काम केलं ते सगळ्यांनी करावं असं मनापासून वाटतं, तीन महिन्यांचं रनिंग वहीत लिहून काढलं. १०० किमीतले ९२ डांबर आणि सिमेंट निघाले. आठ किमी कच्चा. त्या आठ किमीचीच स्वप्नं पडतात हे खरं आहे, पण जुलैत भर पावसात ईस्टर्न एक्सप्रेसवर ७०ने जाताना समोरची रिक्षा एकदम थांबते तेव्हा जीव त्या ९२ किमीवाल्या रबरावर असतो. त्यामुळे माझी पहिली अट ओल्या रस्त्यावरचं ब्रेकिंग, दुसरी साईडवॉल, चिखल तिसरा. दिसण्याचा नंबर त्यानंतर.

ह्या अटीवर एमटी म्हणजे मड टेरेन आपोआप बाद झाला. त्याचे ब्लॉक मोठे, मधल्या फटी रुंद, चिखल बाहेर फेकायला एकदम मस्त, पण ब्लॉकवरच्या बारीक चिरा ज्यांना साईप म्हणतात त्या अगदी कमी असतात आणि रस्त्याला टेकणारं रबरही कमी, म्हणून ओल्या गुळगुळीत सिमेंटवर पकड सुटते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर एकजण म्हणाला, "शेठ, एमटीच घ्या, गाडीला लूक येतो." लूक येतो हे मान्य आहे, मीही पाच मिनिटं त्या टायरवर हात फिरवत उभा होतो.

मग साईझ. ह्यावर मी सगळ्यात जास्त रात्री घालवल्या. २६५/६५ आर१७ टाकायची फार इच्छा होती, स्कॉर्पिओवर तो भारी दिसतो. हिशेब असा, २३५ मिमी ही रुंदी, तिचे ६५ टक्के म्हणजे साईडवॉलची उंची १५२.७५, दोन्ही बाजू मिळून ३०५.५ आणि १७ इंचाची रिम ४३१.८, म्हणजे माझा स्टॉक, कंपनीच्या साईझचा टायर ७३७.३ मिमी व्यासाचा. २६५/६५ येतो ७७६.३ मिमी. ५.३ टक्के मोठा. गाडी फक्त १९.५ मिमी वर उचलली जाते, कारण वाढलेल्या व्यासाचा अर्धाच खालच्या बाजूला मिळतो, आणि त्या पाऊण इंचासाठी स्टॉक टायरला स्पीडोमीटर ८० दाखवतो त्या जागी आपण खरे ८४च्या पुढे असतो, किमी कमी मोजले जातात, घाटात गाडी अर्धा गिअर उंच पडल्यासारखी ओढते, शिवाय स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर चाकाच्या कमानीतल्या लायनरला घासायची भीती. कंपनीने दिलेल्या साईझच्या बाहेर गेलं की क्लेमच्या वेळी इन्शुरन्सवाल्याला बोट ठेवायला जागा मिळते ती वेगळीच. २४५/६५ फक्त १.८ टक्के मोठा, त्याच्यावर मन अडकलं होतं, पण शेवटी स्टॉकच ठेवला. आहे त्या साईझमध्ये ओढ्यात गाडी कधी खाली टेकली नव्हती, चिरला होता टायर.

साईडवॉलसाठी बीएफगुडरिचचा केओ२ डोक्यात होता, तीन प्लायची म्हणजे धाग्यांच्या तीन थरांची साईडवॉल, ह्या बाबतीत त्याचं नाव उगाच नाही झालेलं. पण तो एलटी म्हणजे लाईट ट्रक बांधणीचा जड टायर, रोज मुलुंड-बीकेसी ते वजन फिरवायचं म्हणजे डिझेल जाणार आणि रिकाम्या गाडीत राईड कडक होणार. त्यात जून २०२० पासून टायर आयातीवर निर्बंध आले, तेव्हापासून बाहेरून येणाऱ्या टायरमध्ये हवा तो साईझ हवा तेव्हा मिळेल ह्याचा भरवसा नसतो, आणि एक टायर फाटला तर जोडीदार शोधत फिरायचं मला जमणार नाही. अपोलो अप्टेरा एटी२ शेवटपर्यंत यादीत होता. घेतले योकोहामा जिओलँडर एटी जी०१५, लोड-स्पीड १०८एच, म्हणजे एका टायरला १००० किलो आणि २१० किमीचा वेग. साईप भरपूर, ते बघून निर्णय झाला. त्याच्यावर डोंगर आणि हिमकणाची खूण आहे, मुंबईत बर्फाचा संबंध नाही पण ती खूण बर्फावरची चाचणी पास झाल्यावरच मिळते, नुसतं एम प्लस एस (मड प्लस स्नो) लिहिलेलं असेल तर ते कंपनीने ट्रेडच्या रचनेवरून स्वतःच लिहिलेलं असतं. स्पितीला जायचंय कधीतरी, तेव्हा कामाला येईल.

पाचही टायर घेतले. जुने देऊन पाऊण लाखाच्या आतबाहेर गेले. पाचवा कशाला असं घरी विचारलं गेलं, तर आपली फोर बाय फोर पार्टटाईम आहे, फोर एचमध्ये, म्हणजे चारही चाकांना ताकद जोडली की, पुढचा आणि मागचा ॲक्सल एकाच वेगाने बांधला जातो, तिथे चार नवे आणि एक झिजलेला अशा वेगळ्या व्यासाच्या टायरवर चालवलं तर ट्रान्सफर केस (ताकद पुढे-मागे वाटणारा गिअरबॉक्स) आणि डिफरन्शियलवर ताण येतो. स्टेपनी सारखीच पाहिजे.

आणि तारीख बघा, प्लीज बघा. एका दुकानात "फ्रेश स्टॉक" म्हणून पाच टायर काढून ठेवले होते, त्यातल्या दोनांवर तीन वर्षं जुना कोड होता. आठवडा-वर्षाचे चार आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात, ती बाजू आत गेली असेल तर दिसत नाही, म्हणून मोबाईलचा टॉर्च लावून दोन्ही बाजू बघायच्या आणि फिट करायच्या आधी बघायच्या. मी तिथून उठलो, दुसरीकडे घेतले. नवे व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग, अलाइनमेंट, आणि १०० किमीनंतर नट परत टॉर्क रेंचने तपासले, दोन नट थोडे फिरले.

आता चालवून कसे आहेत. डांबरावर ६०पर्यंत आवाज नाही म्हटलं तरी चालेल, ८०च्या पुढे एक बारीक घरघर येते, खाचा मारलेल्या सिमेंटवर ती वाढते, गाणी चालू असतील तर लक्षात येत नाही. शहरातलं मायलेज ११.६चं ११.१ झालं, टाकी टू टाकी. ओल्या रस्त्यावर मात्र फरक ब्रेकच्या पायाला कळतो. भांडुपजवळ पाण्याचा थर होता, जुने टायर तिथे हलके व्हायचे, स्टिअरिंग रिकामं लागायचं, ह्यांनी पाणी कापलं.

जुलैत मामाकडे. डांबर संपलं तिथे थांबून ३४वरून २२ पीएसआय केलं. हवा कमी केली की टायर आडवा फार पसरत नाही, जमिनीला टेकणारा पट्टा लांब होतो आणि दगडावर टायर ताठ न राहता त्याच्याभोवती वाकतो. ओढ्याच्या पलीकडचा चढ पूर्ण लाल चिखल, पाणी वाहून मध्ये चर पडलेली. मामा छत्री घेऊन वर उभा होता, ओरडला, "डावीकडनं नको रे, आत मुरलंय, उजवा काठ धर!" उजव्या चाकाखाली दगडी काठ पकडला, फोर एल (फोर बाय फोरचा लो गिअर), दुसरा गिअर, ॲक्सिलरेटर एकसारखा. अर्ध्यावर मागचं चाक फिरायला लागलं, स्टिअरिंग थोडं डावी-उजवी हलवलं तशी टायरच्या खांद्याला काठ मिळाला आणि गाडी वर. मागच्या पावसात हाच चढ तीन वेळा मागे येऊन चढलो होतो. परत डांबराला लागल्यावर बारा व्होल्टच्या कंप्रेसरने चारही टायर भरायला वीस मिनिटं, तेवढा वेळ काढायचाच, २२वर हायवेने आलात तर टायर तापून खराब होतो.

काळ्या मातीत मात्र हे टायर हरले. सिन्नरकडे मित्राच्या शेतात पाऊस पडून गेल्यावर नेली, शंभर मीटरमध्ये सगळ्या फटी भरून चारही चाकं गुळगुळीत रूळ झाली. ती माती मेणासारखी चिकटते, १५ पीएसआय करूनही फरक नाही, आणि त्याच्या खाली जायची माझी तयारी नाही कारण बीड, म्हणजे टायरची रिमला धरणारी कड, रिमवरून सुटू शकते. ट्रॅक्टरने काढली. ज्यांचं रनिंगच तिथलं आहे त्यांनी एमटीच घ्यावेत, माझं ऐकू नये.

गेजवर नवीन असताना ९.५ मिमी होते, ४,२०० किमीला पुढचे ८.८, मागचे ९.०. साईडवॉलवर ओरखडे आहेत, चीर नाही. ८,००० झाले की पाच टायरचं रोटेशन, स्टेपनी उजव्या मागच्याला येईल. पुढच्या भागात खालची स्किड प्लेट, त्या ओढ्यातल्या एका दगडाने तिचं माप घेऊन ठेवलंय.