ड्राय बाल्कनीतला चौकोन

फ्लॅट बघायला गेलेली माणसं हॉलमध्ये उभी राहून सोफा कुठे येईल, टीव्ही कुठल्या भिंतीला लागेल याचा खल करतात. मग बेडरूममध्ये कपाट, स्वयंपाकघरात ओट्याची लांबी. ड्राय बाल्कनीत, म्हणजे स्वयंपाकघरामागच्या धुण्याभांड्यांच्या जागेत, मात्र नुसतं डोकवायचं असतं. "हां, इथे मशीन आणि भांडी," असं कुणीतरी म्हणतं आणि मंडळी परत हॉलमध्ये. बिल्डरच्या नकाशात तिथे एक चौकोन आणि त्याच्या पोटात एक गोल काढलेला असतो. ते वॉशिंग मशीन. त्याचं दार उघडल्यावर कुठवर येतं, बादली कुठे टेकवायची आणि कपडे काढायला वाकलेलं माणूस कुठे मावायचं, हे काही नकाशात नसतं.

नळ आणि सांडपाण्याची जाळी जिथे असेल तिथे मशीन, असा सर्वसाधारण रिवाज आहे. मला तो पटत नाही. मशीनची जागा दोरी बघून ठरवावी. धुवायचं काम मशीन करतं, पण आत पीळ पडलेल्या चादरी ओढून काढायच्या, झटकायच्या आणि वाळत घालायच्या, हे आपल्याच कमरेच्या वाट्याला येतं. पिळून निघालेलं धुणंसुद्धा कोरड्याच्या साधारण दीडपट भरतं. आठ किलोचं मशीन गच्च भरलं तर बारा किलो ओलं ओझं झालं. ते घेऊन स्वयंपाकघर आणि हॉल ओलांडून पुढच्या बाल्कनीत जायचं असेल, तर फरशीवर पाण्याचा माग आणि मागून सासूबाईंचं "अगं, पाय घसरेल कुणाचा तरी" हे ठरलेलंच.

आमची ड्राय बाल्कनी सहा फूट बाय साडेतीन. पुण्यातल्या मध्यमवर्गीय इमारतीत याहून फार मोठी कुणाची नसते. त्यात भांडी घासायची मोरी, केरसुण्या, बादल्या आणि पूर्वी गॅसचा सिलिंडर. पाइपचा गॅस आला आणि सिलिंडर हलला, तसा त्या रिकाम्या कोपऱ्यावर घरातल्या प्रत्येकाचा डोळा. सासूबाईंना तिथे कांदे-बटाट्यांची मांडणी हवी होती, ह्यांना इन्व्हर्टर. मला मशीन. तोवर आमच्याकडे सेमी-ऑटोमॅटिक होतं, चाकांवरचं. ते धुण्याच्या वेळी बाथरूमच्या दाराशी ओढत आणायचं, नळी आत सोडायची, काम झालं की परत पॅसेजमध्ये ढकलायचं. त्याला कायमची जागा लागतच नसे. पूर्ण ऑटोमॅटिक मात्र एकदा बसलं की बसलं.

ह्यांनी टेप काढला. समोरून कपडे घालायचं मशीन 60 सेंटिमीटर रुंद, 85 उंच आणि आम्ही बघत होतो ते 60 खोल. मागे नळ्यांसाठी आणखी सात-आठ सेंटिमीटर सोडावेच लागतात, नाहीतर नळी दुमडते. बाल्कनीची रुंदी 107. लांब भिंतीला पाठ लावून ठेवलं तर पुढे उरतात जेमतेम 39 सेंटिमीटर, म्हणजे सव्वा फूट. त्यात दारच पुरतं उघडत नाही, माणसाचं तर सोडाच. दुकानातल्या मुलाने यावर वरून उघडणारं घ्या असं सुचवलं. त्याला पुढे जागा कमी लागते हे खरं, पण झाकण वर उघडायचं म्हणजे डोक्यावर फळी नको, नळ आडवा यायला नको. आणि तळाशी गेलेला मोजा काढायला सासूबाईंना त्यात अर्धं उतरावं लागलं असतं.

शेवटी मशीनची पाठ आखूड भिंतीला लावली. तोंड बाल्कनीच्या लांबीकडे. आता पुढे चांगली तीन-साडेतीन फूट जागा मिळाली. पण डावीकडे सरकवायचं की उजवीकडे? इथे दाराचं बिजागर बघायला लागतं. कपडे धुण्याच्या मशीनचं दार बहुधा डाव्या हाताला उघडतं आणि ते बदलता येत नाही. म्हणून डाव्या भिंतीला लावलं. दार भिंतीशी उभं राहतं आणि उजवा हात मोकळा. बादली उजवीकडे, आणि वाळत घालायचा दोऱ्यांनी खालीवर होणारा स्टँड बरोबर डोक्यावर. कपडा काढला, सरळ झाला की दांडीवर. पाऊलसुद्धा उचलावं लागत नाही. मोरीचं दोन पावलं लांब जाणं हेही पथ्यावरच पडलं, भांड्यांवर साबणाचा फेस उडत नाही.

जाळी मात्र दुसऱ्या टोकाला राहिली, आणि इथून पुढचं सगळं रामायण त्या सांडपाण्याच्या नळीचं. बहुतेक घरांत ती नळी मशीनमागून जमिनीवर उतरते आणि सरपटत जाळीत जाते. तशी सोडली तर मशीनमध्ये येणारं पाणी येता येताच निघून जाऊ शकतं. ड्रमपेक्षा खाली उतरलेली नळी पाणी आपोआप ओढून घेते. मशीनला वाटतं अजून भरायचंय. ते भरत राहतं, नळी ओढत राहते, आणि एप्रिलमध्ये सोसायटीत टँकर येत असताना तुमच्या जाळीत स्वच्छ पाणी खळखळतं. उपाय सोपा आहे. नळी आधी मशीनच्या पाठीवर दोन-तीन फूट उंच न्यायची, तिथे क्लिपमध्ये अडकवायची आणि मग खाली सोडायची. ती क्लिप मशीनबरोबर आलेली असते; पुष्कळ घरांत ती सूचनांच्या पुस्तिकेसोबत पिशवीतच राहते.

बसवायला आलेला मुलगा भला होता. "काकू, खाली स्टँड घ्या, चाकांचा. झाडायला सोपं," म्हणाला. मी नको म्हटलं. मिनिटाला बाराशे फेरे मारणाऱ्या वस्तूखाली चाकं कशाला? आमच्या वरच्या मजल्यावर नवं मशीन पहिल्याच पिळणीला दोन फूट पुढे चालत आलं होतं, तेही चाकांशिवाय. वाहतुकीसाठी मागे घातलेले बोल्ट काढायचे राहून गेले होते. शिवाय ड्राय बाल्कनीची फरशी जाळीकडे उतरती केलेली असते, त्यामुळे चार पायांतला एक कायम अधांतरी. आम्ही गवंड्याकडून चार इंचांचा विटांचा कट्टा करून घेतला, वर कडप्पा. पाय फिरवून मशीन सपाटीला आणलं. मावशी भांडी घासून मोरी धुतात तेव्हा पाण्याचा लोट कट्ट्याला लागून परततो. वाकणंही चार इंचांनी कमी झालं. उंदरांसाठी खालून जाळी लावायला विसरू नये. मशीनच्या पोटातल्या वायरींवर त्यांचं भारी प्रेम असतं.

विजेचं एकच सांगते. पाणी गरम करणाऱ्या मशीनचा हीटर दोन हजार वॅटच्या आसपास असतो, तेव्हा 16 अँपिअरचा, अर्थिंग असलेला सॉकेट हवा. तो नळाखाली नको, आणि एक्स्टेन्शन बोर्ड तर नकोच. शेवटच्या मजल्यावर राहणाऱ्यांना आणखी एक विवंचना: टाकी डोक्यावर तीन मीटरवरच असेल तर पाण्याचा दाब 0.3 बारच मिळतो, आणि कित्येक मशीन तेवढ्यावर कुरकुरतात.

नणंदेकडे इंग्लंडला जाऊन आल्यावर सासूबाईंनी महिनाभर सगळ्यांना सांगितलं, "तिच्या ओट्याखाली मशीन आहे! भाजी चिरायची आणि खाली पायमोजे फिरतायत." सोवळ्यात वाढलेल्या बाईला हे पचणं कठीणच. पण तिकडे बाथरूममध्ये, दाढीच्या यंत्राचा सोडला तर, अंघोळीच्या जागेपासून अडीच-तीन मीटरच्या आत सॉकेट चालत नाही. मग नळ, निचरा आणि वीज तिन्ही एकत्र सापडणार ते स्वयंपाकघरातच. आपल्याकडे धुण्याला मोरी आधीपासून होती, म्हणून मशीनही तिच्याच शेजारी जाऊन बसलं.

आता ह्यांच्या डोक्यात ड्रायर आहे. आषाढ लागला की कपड्यांना जो कुबट वास येतो, त्यावर तोच इलाज, असं त्यांचं म्हणणं. गरम हवा बाहेर सोडायला पाइप न लागणारा ड्रायर मिळतो, आणि तो मशीनवर चौकट बसवून चढवता येतो. तो कायम वरच. जड मशीन वर आणि ड्रायर खाली, असं करायचं नाही. कागदावर सगळं जमतं. पण 85 आणि 85 म्हणजे 170, त्यात कट्ट्याचे चार इंच, की ड्रायरची बटणं थेट माझ्या डोक्यावर जातात. सासूबाई चार फूट दहा इंच. "मला स्टूलही घेऊन देणार का?" असं त्यांनी विचारलं, ह्यांनी टेप गुंडाळून खिशात घातला. शिवाय दोरीचा स्टँड खाली उतरवताना ड्रायरलाच आपटणार, म्हणजे स्टँडच काढावा लागेल, आणि बाकीचे आठ महिने फुकट ऊन असताना वीज कोण जाळणार? तूर्तास जीन्स पंख्याखाली खुर्चीच्या पाठीवर, आणि बाकी सगळं दांडीवर.