कुमारांच्या गाण्यातली थांबायची जागा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी गाणं शिकलेले नाही, राग ओळखता येत नाहीत, मग एवढे गायक असताना कुमार गंधर्वच का, आणि तेही रोज? हे मला बरेचजण विचारतात.

आधी मला त्यांचं वाणी जयराम यांच्याबरोबरचं ते ऋणानुबंधाचं नाट्यगीत तेवढं माहीत होतं. बाकी गाणं तुटक वाटायचं, एखादी छोटीशी जागा घेतली की सोडून द्यायची आणि मग नुसते तानपुरे.

मग मला न्यूमोनिया झाला. घरी सोडताना तीन बॉलवालं ते प्लास्टिकचं यंत्र दिलं, नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा आणि बॉल वर धरून ठेवायचे. पहिला कसाबसा वर जायचा, दुसरा नुसता थरथरायचा. त्याच दिवसांत एकदा कुमारांनी गायलेलं कबीराचं हंसाचं भजन लागलं आणि मला पहिल्यांदा त्यातला श्वास ऐकू आला, म्हणजे ओळ कुठे सोडलीय, कुठे थांबलेत, आणि पुढचा स्वर किती अलगद उचललाय. हातातलं यंत्र तसंच राहिलं, मी ऐकतच बसले.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की ऐन विशीत त्यांना क्षय झाला होता. 1948 मध्ये हवापालटासाठी मध्य प्रदेशात, माळव्यातल्या देवासला आले, गायला डॉक्टरांची बंदी, काही वर्षं अंथरुणावरच गेली. त्यांच्या पत्नी भानुमतीबाईंनी नोकरी करून घर सांभाळलं. क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन हे औषध तेव्हा नवीनच आलं होतं, त्याने ते वाचले, पण एक फुफ्फुस जवळजवळ निकामी झालं. 1953 च्या सुमारास ते पुन्हा गायला बसले.

लोक म्हणतात एकच फुफ्फुस होतं म्हणून असं तुकड्यातुकड्यात गायले. मला हे अजिबात पटत नाही. श्वास कमी पडला म्हणून कुणी असं गात नाही हो, मी पडून होते ना, मला माहितीये, श्वास कमी पडला की माणूस घाई करतो, वाक्य उरकून टाकतो. कुमार घाई करत नाहीत. आणि हा तोच माणूस, जो लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्ड ऐकून हुबेहूब तसं गाऊन दाखवायचा, दहा-अकरा वर्षांचा असताना मुंबईला देवधर मास्तरांकडे गाणं शिकायला आला. सगळ्यांचं गाणं गळ्यात होतं. मग ती काही वर्षं गळा बंद आणि कान उघडे, कानावर माळव्यातली लोकगीतं. तीन-चार सुरांतच फिरणाऱ्या त्या धुनांमध्ये त्यांना राग दिसले, त्यातून त्यांनी नवे राग बांधले, त्यांना धुनउगम राग म्हणायचे. निर्गुणी भजनं, म्हणजे निराकार देवाची, तीही त्याच मातीतली, तिथल्या नाथपंथीयांच्या गाण्याची. थोड्या सुरांत सगळं सांगायचं, हे मला वाटतं ते तिथे शिकले, आजारपणाने फक्त तेवढी सवड दिली.

1992 च्या जानेवारीत देवासलाच गेले. प्रत्यक्ष मैफल मला कधीच मिळाली नाही, याचं खरंच वाईट वाटतं.

ऐकायचंच असेल तर भजनांपासून सुरुवात करा, रात्री, इअरफोन लावून, आणि आवाज जरा मोठा ठेवा, म्हणजे दोन ओळींच्या मधले तानपुरे नीट ऐकू येतील.