इंदूरला बालनाट्य शिबिर घ्यायला निघालात तर

पुण्याहून इंदूरला जायला दौंड–इंदूर एक्सप्रेस बरी पडते. दुपारी निघते, वसई, वडोदरा, रतलाम, उज्जैन असा लांबलचक वळसा घालते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोचवते. खासगी स्लीपर बस धुळे–सेंधव्यावरून रात्रभरात नेतात, पण बिजासनच्या घाटात अंग घुसळून निघाल्यावर सकाळी तीस मुलांसोबत माकडउड्या मारायच्या असतील तर बसच्या वाटेला जाऊ नका. रेल्वेचं आरक्षण हल्ली साठच दिवस आधी उघडतं आणि मे महिन्यातल्या जागा बघता बघता संपतात. म्हणून यजमान मंडळाच्या मागे लागून तारखा फेब्रुवारीतच पक्क्या करून घ्या.

तारखांचं गणितही आपल्यापेक्षा वेगळं आहे. मध्य प्रदेशात नवं शालेय वर्ष एप्रिललाच सुरू होतं. आपल्याकडे परीक्षा आटोपून मुलं मोकळी होतात तेव्हा तिकडे नव्या वह्यांना कव्हरं घातली जात असतात. म्हणजे शिबिर मेमध्येच. आणि मे म्हणजे मुंजी आणि लग्नं! इंदूरच्या मराठी घरांचे नातेवाईक देवास, धार, उज्जैन, ग्वाल्हेर, नागपूर, पुणे असे सगळीकडे पसरलेले. नावनोंदणी केलेली निम्मी पोरं मधेच दोन दिवस मावसभावाच्या मुंजीला जाऊन येतात. राजा, राणी, प्रधान अशी ठरलेली पात्रं असलेली संहिता घेऊन गेलात तर तिसऱ्या दिवशी राजाच उज्जैनला असतो. सगळ्यांनी मिळून सगळं करायचं, कोणाचंही वाक्य कोणालाही घेता यावं, असंच नाटक तिथे तगतं. सभागृहाचंही तेच. लग्नसराईत हॉल आयत्या वेळी मिळत नाहीत, प्रयोगाची संध्याकाळ सगळ्यात आधी राखून ठेवायला सांगा.

वेळ सकाळी साडेसात ते साडेदहा. त्यानंतर पारा चाळिशीपार जातो आणि मुलं पंख्याखाली गोळा होतात. माळव्याची संध्याकाळ मात्र खरोखर सुखाची असते, त्यामुळे प्रयोग सूर्य मावळल्यावर ठेवा, जमलं तर गच्चीवर किंवा अंगणात. जुन्या हॉलमधले पंखे जोरात लावले की सात वर्षांच्या मुलीचा आवाज दुसऱ्या रांगेपर्यंतही जात नाही. हॉल बघायला जाल तेव्हा सगळे पंखे लावून मागच्या भिंतीपाशी उभे राहा आणि कोणाला तरी मंचावरून बोलायला सांगा. दिवे, पडदे यांची चौकशी त्यानंतर.

सामान कमी न्या. माझ्या पिशवीत डफ, शिट्टी, रंगीत खडू, सुतळी, मास्किंग टेप आणि जुन्या ओढण्यांचा गठ्ठा असतो. मुकुट, तलवारी, मुखवटे पुण्याहून वाहून नेण्यात अर्थ नाही, आणि इंदुरात तर मुळीच नाही. वाळकी पानं, काटक्या, फुटक्या वस्तू यांच्यात चेहरे आणि प्राणी शोधणाऱ्या विष्णू चिंचाळकर गुरुजींचं हे गाव. एक दिवस सरळ त्यांच्या वाटेने जायचं: घरातला सुका कचरा आणा आणि त्यातून पात्रं उभी करा. इथल्या मुलांना ओला-सुका शिकवावा लागत नाही, 2017 पासून स्वच्छतेत पहिला नंबर सोडायला तयार नसलेलं शहर आहे ते. अडचण उलटीच येते. कचऱ्याची गाडी गाणं वाजवत सकाळीच दारात हजर होते आणि तुमचे मुखवटे घेऊन निघून जाते. खोके, बाटल्या, झाकणं रात्रीच बाजूला काढून ठेवायला सांगा.

आता भाषेचं. संस्थेची माणसं बहुधा पहिल्याच फोनवर सांगतात, ‘मुलांचं मराठी जरा सुधारून द्या.’ मान डोलवा आणि तसं काही करू नका. ही मुलं आजीशी मराठीत बोलतात, एकमेकांशी हिंदीत आणि भांडतात दोन्हीत. ‘ताई, माझा नंबर केव्हा येणार?’ असं विचारणाऱ्या मुलाला तुम्ही ‘माझी पाळी म्हण’ असं सुचवलंत की तो पाळी येऊनही गप्प बसतो. पहिले एक-दोन दिवस मी शब्दच काढून घेते. आरसा, पुतळे, बर्फ-पाणी, अगम्य भाषेतली भांडणं, असे खेळ घेते. मग प्रसंग द्यायचा आणि हिंदीत येईल तर हिंदीत येऊ द्यायचा. त्यानंतर एकच गृहपाठ: हेच तुझी आजी कसं म्हणेल, विचारून ये. दुसऱ्या दिवशी मुलं जी वाक्यं घेऊन येतात ती पुण्यात बसून कोणी लिहू शकणार नाही. शिवाय आजी त्या क्षणापासून नाटकात सामील झालेली असते, प्रयोगाला वीस माणसं घेऊन येते.

या वेळचं नाटक सराफ्यावर, म्हणजे इंदूरच्या सराफा बाजारावर झालं. दिवसा सोन्याचांदीची दुकानं, रात्री नऊच्या पुढे शटर पडली की त्याच ओट्यांवर चाट, भुट्ट्याचा कीस आणि जिलबीचे स्टॉल. मुलांनी ती अधलीमधली दहा मिनिटंच पकडली. सराफ शटर ओढायला तयार नाही कारण शेवटचं गिऱ्हाईक अजून अंगठी बघतंय, आणि बाहेर चाटवाल्याची कढई तापलीय. दुकानदार हिंदीत, गिऱ्हाईक म्हणून आलेलं मराठी कुटुंब आपसात मराठीत आणि भाव करताना हिंदीत. कोणत्या भाषेत कोण बोलणार हे मला ठरवावंच लागलं नाही. शटर म्हणजे आठ मुलांनी धरलेल्या ओढण्या.

पालकसभेत मात्र तयारीने जा. ‘अहिल्याबाईंवरच बसवा ना काहीतरी’ असं कोणी ना कोणी म्हणतंच, आणि 31 मे म्हणजे त्यांची जयंती, त्यामुळे मुद्दा अगदी गैरलागूही नसतो. पण घोड्यावरची अहिल्याबाई एक आणि बाकी एकोणतीस मुलं भालदार-चोपदार, हे मला पटत नाही. तोडगा एवढाच की शहराविषयी काही करतोय असं सांगायचं. सराफा ऐकल्यावर सगळे खूश झाले. हा प्रेक्षक कच्चा नाही, हेही ध्यानात ठेवा. बाबा डिकेंच्या नाट्यभारती या नाट्यसंस्थेपासून इथे मराठी रंगभूमीची ओढ आहे, आणि सानंद न्यास या इथल्या मराठी संस्थेमुळे पुण्या-मुंबईची नाटकं नेमाने येतात. पहिल्या रांगेतले आजोबा ‘उचल चुकली’ (वाक्य वेळेवर घेतलं नाही) असं ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणतात.

राहायला हॉटेलपेक्षा कोणाच्या तरी घरी सोय झाली तर घ्या, फक्त दुपारी दोन तास दार लावून पडायची मुभा आधीच मागून ठेवा. पाहुणचार जबरदस्त असतो, सकाळी पोहे-जिलबी, त्यावर जिरावण हा मसाला, मग ‘छप्पन दुकान’ या खाऊगल्लीला चला, मग शिकंजी. इथली शिकंजी लिंबाची नाही, दुधाची आणि दाट. तालमीच्या आधी पिऊ नका, झोप येते. गराडूची (तळून खायच्या कंदाची) चौकशी मेमध्ये करू नका, तो हिवाळ्यातला मेवा.

पैशांचं सगळं आधी लिहून घ्या: प्रवासभाडं, मानधन, साहित्याचा खर्च, आणि शिबिर रद्द झालं तर तिकिटाचं काय. एका ठिकाणी ‘बघू, घरचंच तर आहे’ ऐकलं होतं, ते पैसे दिवाळीनंतर आले.

आणि परतीचं तिकीट प्रयोगाच्या दुसऱ्या दिवसाचं काढा, तेही उशिराच्या गाडीचं. प्रयोग संपला की मुलं तुम्हाला खऱ्या सराफ्यात नेतात, आणि तिथून कोणी बाराच्या आत घरी सोडत नाही.