किती फूट?

जुलै उलटायला आला की सांगलीत कुणी कुणाला "काय चाललंय" विचारत नाही. "किती फूट?" विचारतात. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती, हे वेगळं सांगावं लागत नाही. 40 म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. पूल 1929 सालचा. अख्खं गाव त्याच्याकडे बघून सामान हलवतं.

भाची बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे, संख्याशास्त्र मानगुटीवर. परवा म्हणाली, "मामा, 40 वरून 45, म्हणजे पाणी साडेबारा टक्के वाढलं की!"

भागाकार बरोबर होता, तरी मला खटकलं. पट्टीवरचा 0 माणसानं ठरवलेला. तोच 10 फूट खाली धरला असता, तर हेच पाणी 50 वरून 55 वर गेलं असतं आणि वाढ भरली असती 10 टक्के. नदीला त्याचं काय? फरक मात्र दोन्हीकडे 5 फूटच.

"म्हणजे तापमानासारखं," ती म्हणाली. अगदी. मेमधले 40 अंश डिसेंबरातल्या 20 अंशांच्या दुप्पट गरम नसतात. कोयनेच्या विसर्गाचं तसं नाही. तिथे 0 क्युसेक म्हणजे पाणी सोडलेलंच नाही. 50 हजारांचे 1 लाख झाले की बिनधास्त दुप्पट म्हणावं, आणि दोरी शोधायला लागावं.

आमच्या घराचा 0 म्हणजे उंबरठा. पुलापाशी 52 झाले की पाणी त्याला लागतं. पूल लांब असल्यानं हा हिशेब अदमासे, पण दोनदा पारखलेला. 2019 साली पुलापाशी सुमारे साडेसत्तावन्न फूट होतं, 2021 ला सुमारे 55. पुलावरून पाहिलं तर घट साडेचार टक्केसुद्धा नाही. आमच्या स्वयंपाकघरात मात्र साडेपाचाचे 3 फूट झाले. घट 45 टक्के!

भिंतीवर दोन्ही रेघा आहेत. वरची देवाच्या फळीला टेकलेली, खालची ओट्याच्या जरा वर. दोनदा रंग दिला, गाळाचा तो पिवळट पट्टा पुन्हा वर येतोच. भाचीनं टेप लावून मोजलं, मग उलटा हिशेब मांडला: खालच्या रेघेवरून वरची 83 टक्के उंच. "उतरताना 45 आणि चढताना 83? मधली भिंत तीच ना?"

भिंत तीच, अडीच फुटांची. पहिल्यांदा भागायचं साडेपाचानं, दुसऱ्यांदा 3 नं. एवढ्यावरच परीक्षेत निम्मी पोरं गळतात. बातम्या देणाऱ्यांनाही हा पेपर एकदा द्यायला बसवावं, असं मला फार वाटतं.

आई इतका वेळ तांदूळ निवडत ऐकत होती. तिला टक्के विचारले तर सांगेल, "एकवीसला कपाटाचा वरचा खण वाचला." त्या खणात लग्नाचा अल्बम होता. एकोणीसला तो गच्चीवर उलगडून वाळत घातला होता. अर्धे फोटो एकमेकांना चिकटले ते चिकटलेच.

तेवढ्यात फोन वाजला. गल्लीच्या ग्रुपवर नुसता आकडा: 38.

आईनं सूप बाजूला ठेवलं. "स्टूल आण गं," ती भाचीला म्हणाली, "अल्बम माळ्यावर टाकूया."