जॉबशीटवर कंप्रेसर लिहिलाय, म्हणून मोटर मिळणार नाही

विंडो एसी घरी उघडून दुरुस्त करण्यात फारसं अवघड काही नाही. अवघड आहे ते त्याचा सुटा पार्ट कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून मिळवणं. जमलं तर त्या वाटेला जाऊच नका. मी गेले, आणि तो वैताग अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहायला बसले.

एसी दीड टनाचा, 2014 सालचा, आर-22 गॅसवाला. आमच्या पुण्यातल्या जुन्या बिल्डिंगीत आउटडोअर युनिट टांगायला जागा नाही, म्हणून विंडोच. यंदा एप्रिलात चालू केला तर वारा येतोय, गारवा नाही. कान देऊन ऐकलं तर कंप्रेसर काही सेकंद घुमायचा आणि 'टक्' करून गप्प बसायचा. थोड्या वेळाने परत तेच.

कंपनीत तक्रार नोंदवली. माणूस आला, ग्रिलसुद्धा न उतरवता म्हणाला, "मॅडम, कंप्रेसर गेला. एवढा खर्च करण्यापेक्षा एक्स्चेंजमध्ये नवा घ्या." जॉबशीटवर तसं लिहिलं, व्हिजिट चार्ज घेतला आणि मोबाइलवर आलेला ओटीपी मागून घेऊन गेला. (काम पूर्ण झाल्याशिवाय तो ओटीपी देऊ नका. तो दिला की त्यांच्या लेखी ती व्हिजिट पूर्ण होते.)

माझी नोकरी टेलिफोन खात्यातली, त्यामुळे मल्टिमीटरची भीती नाही. प्लग काढून ग्रिल आणि कव्हर उतरवलं तर कपॅसिटरचं, म्हणजे कंप्रेसरला सुरू व्हायला जोर देणाऱ्या डबीचं, डोकं चक्क फुगलेलं. इथे एक सांगते: प्लग काढला म्हणजे करंट गेला असं समजू नका, कपॅसिटर चार्ज धरून बसतो. होल्डरला दोन वायरी जोडलेला साधा पिवळा बल्ब टर्मिनलांना लावून तो आधी रिकामा करायचा. एलईडी चालत नाही. यातल्या डबल कपॅसिटरवर 50+4 मायक्रोफॅरड छापलेलं होतं, 50 कंप्रेसरसाठी आणि 4 पंख्यासाठी. कंप्रेसरच्या बाजूला मीटर जेमतेम 19 दाखवत होता. कंप्रेसरच्या तिन्ही टर्मिनलांमधला रेझिस्टन्स मोजला. दोन लहान आकड्यांची बेरीज तिसऱ्या मोठ्या आकड्याइतकी भरली, आणि बॉडीला कुठेही कंटिन्युइटी (वीज जाईल अशी जोड) नाही. म्हणजे आतलं तारेचं वाइंडिंग ठणठणीत. तपकीर गल्लीतून, म्हणजे पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, 440 व्होल्टचा तेवढ्याच मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणला, वायरींचा फोटो आधीच काढून ठेवला होता त्याबरहुकूम जोडला, आणि 'गेलेला' कंप्रेसर सुरू झाला.

अर्ध्या तासाने परत बंद.

आता कारण वेगळं होतं. विंडो एसीत पंख्यांची मोटर एकच असते, दोन्ही बाजूंना शाफ्ट निघालेली. खोलीकडच्या टोकावर ब्लोअर, मागच्या टोकावर पंखा. आमच्या मोटरचे बुश, म्हणजे शाफ्ट ज्यांत फिरतो त्या कड्या, झिजलेले. गार असताना बरी फिरायची, तापली की मंदावायची. मागचा पंखा मंदावला की कंडेन्सर कॉइलची उष्णता बाहेर जात नाही, कंप्रेसर तापतो आणि ओव्हरलोड (तापल्यावर वीज तोडणारा स्विच) त्याला बंद करतो. प्लग काढून ब्लोअर हाताने फिरवून बघा. दोन गिरक्याही न घेता थांबला आणि शाफ्ट वरखाली डुगडुगला, तर मोटर बदलायची.

कंपनीचीच मोटर घ्यावी, नीट बसेल, असा शहाण्यासारखा विचार करून सर्व्हिस सेंटरला गेले. टोकन, खुर्ची, भिंतीवर गार गार डोंगरांचं पोस्टर आणि खाली घरघरणारा टेबलफॅन. एसीच्या कंपनीत! नंबर आला तेव्हा काउंटरवरच्या मुलाने मान वर न करता विचारलं, "फ्रँचायझी कोड?" म्हटलं, "मी ग्राहक आहे, मला फॅन मोटर विकत हवी आहे." तर ग्राहकाला पार्ट देत नाहीत. टेक्निशियन येणार, बघणार, तो मागवणार, मग मिळणार.

"अहो दादा, टेक्निशियन येऊन गेला की." जॉबशीट पुढे केली. त्याने ती कॉम्प्युटरवर काढली. "यात कंप्रेसर लिहिलाय."

"कंप्रेसर चांगला आहे. चालू आहे घरी."

"पण सिस्टिमला कंप्रेसर फॉल्टी आहे. या तक्रारीवर मोटर निघणार नाही."

मग नवी तक्रार नोंदवा म्हटलं. तर जुनी तक्रार 'कंप्रेसरच्या खर्चाचा अंदाज ग्राहकाकडे प्रलंबित' अशी उघडी होती आणि ती बंद झाल्याशिवाय त्याच एसीवर दुसरी घेता येत नव्हती. म्हणजे ओटीपी नेला तो व्हिजिटपुरता! जुनी बंद करायची तर एकतर मी कंप्रेसर घ्यायचा, नाहीतर लेखी नकार द्यायचा. नकार दिला तर शेरा पडणार 'ग्राहकाने दुरुस्ती नाकारली', आणि मग नव्या तक्रारीला परत व्हिजिट चार्ज. हे सगळं तो मुलगा अगदी शांतपणे सांगत होता, जणू पावसाळ्यात पाऊस पडतो म्हणून सांगतोय.

मॅनेजरकडे गेले. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये 'राइट टु रिपेअर' (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू केलंय, त्याची आठवण करून दिली. म्हणाले, "ते मोबाइलसाठी असतं." नसतं. शेतीची अवजारं, वाहनं आणि घरगुती टिकाऊ वस्तूसुद्धा त्यात येतात. तिथेच उभी राहून फोनवर काढून दाखवलं. साहेबांनी वाचलं, मान डोलावली आणि म्हणाले, "बरोबर आहे मॅडम, पण सिस्टिम घेत नाही." पोर्टलवर माहिती मिळते, काउंटरवर त्याचा वचक शून्य. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे, तिथे तक्रार टाकली ती सर्व्हिस सेंटरबाहेरच्या फुटपाथवर उभी राहून. रागाच्या भरात माणसाची कामं पटापट होतात. त्यानंतरही कंपनीतून गोड आवाजात फोन यायचे, कंप्रेसर कधी बसवायचा म्हणून.

शेवटी जुनी मोटर पिशवीत घालून परत तपकीर गल्ली. हे मात्र न चुकता करा: मोटर काढा आणि बरोबर न्या. मॉडेल नंबरवर विसंबू नका. दुकानातल्या काकांनी मोटर हातात घेतली, दोन्ही शाफ्टांची लांबी पट्टीने मोजली, जाडी, बॉडीचा व्यास, पाय कुठे बसतात ते बघितलं, लेबलवरचे आरपीएम वाचले. मग विचारलं, "ब्लोअरच्या बाजूने बघितलं तर कुठून फिरते? सुलटी की उलटी?" मी घरून मार्करने बाण काढून नेला होता. काका खूश. "असं गिऱ्हाईक पाहिजे," म्हणाले. हा बाण महत्त्वाचा, कारण उलटी फिरणारी मोटर बसवली तरी ब्लोअर थोडा वारा देतोच, आणि मग गारवा का नाही हे शोधत बसाल. कपॅसिटर आणि मोटर मिळून दोन हजारांच्या आसपास खर्च झाला. बिल घ्या.

काढण्या-बसवण्याचं थोडक्यात सांगते. चेसिस बाहेर ओढायला दोन माणसं हवीतच, मुलगा आणि दीर होते. मागच्या पंख्याचा अ‍ॅलन स्क्रू गंजून बसला होता. डब्ल्यूडी-40 (गंज सैल करणारा स्प्रे) मारून रात्रभर ठेवला तेव्हा सुटला, जोर करून त्याचं डोकं गोल करू नका. कंडेन्सर कॉइल जरा मागे सरकवावी लागते, तेव्हा तांब्याच्या नळ्यांवर लक्ष ठेवा. नळी चेपली की गॅसचं काम निघालं, आणि ते घरी करायचं काम नाही. बसवल्यावर चालू करायच्या आधी ब्लोअर हाताने फिरवून कुठे घासत नाही ना ते बघायचं.

मागच्या पंख्याच्या कडेला एक रिंग असते, ती तळातलं पाणी कॉइलवर उडवते. त्याचा फसफस आवाज येतो तो बिघाड नव्हे. त्या आवाजाला घाबरून तळाला ड्रिलने भोक पाडणारे मेकॅनिक मी पाहिलेत, पाडू देऊ नका. चेसिस परत सरकवताना मागची बाजू किंचित खाली राहू द्या, म्हणजे पाणी खोलीत येणार नाही. आणि बंद केल्यावर तीन मिनिटं तरी पुन्हा चालू करायचा नाही, हे घरातल्या लहानथोर सगळ्यांना बजावून ठेवा. आमच्याकडे दीर ऐकत नाहीत, म्हणून रिमोट माझ्याकडे असतो.