आत्याचं ‘ठाऊक नाही’

आज वार कुठला, विचारलं तर आत्या म्हणाली, ‘ठाऊक नाही गो,’ आणि भिंतीकडे कूस वळवली. तेव्हापासून तेच डोक्यात.

शेजारचे अण्णा बेधडक ‘सोमवार’ म्हणतात, चुकलं तर पेपरवाल्यावर ढकलतात. स्मृतिभ्रंशात बहुधा असंच: चुकीचं का होईना, उत्तर येतं, विसरणं झाकलं जातं. नैराश्यात आठवून बघण्याआधीच ‘ठाऊक नाही’, वर ‘माझं डोकं गेलं’ हे गाऱ्हाणंही स्वतःचंच. पण वाटणी इतकी सरळ कुठे असते?

यंदा तिने आमसुलांसाठी रातांबे फोडलेच नाहीत. ‘खाणार कोण?’ फोडून सालांना मिठाचं पूट दोनदा दिलं असतं, किंवा रसात बुडवून वाळवायची राहिली असती, तर निराळी भीती. पायरी चुकणं वेगळं, हातच न घालणं वेगळं. तरी स्मृतिभ्रंशातही माणूस नुसता बसून राहतो. रडू नाही, अपराधी वाटणं नाही. आत्या रडते का, तेही धड सांगता येत नाही. मुंबईवाल्यांशी फोनवर मात्र छान बोलते. सगळं आपल्याच माथी, असं आज वाटलंच.

किलोह या मानसोपचारतज्ज्ञाने १९६१ मध्ये ‘स्यूडोडिमेन्शिया’, म्हणजे नैराश्यामुळे स्मृतिभ्रंशासारखं दिसणारं विसरणं, मांडला, म्हणून मन सुधारलं की सुटलो असं नाही. स्मृती परतलेल्यांतल्याही बऱ्याच जणांना पुढे खराच स्मृतिभ्रंश झालेला आहे. म्हातारपणी पहिल्यांदाच आलेलं नैराश्य कधी त्याचीच सुरुवात असते. बरं वाटल्यावरही तपासणी परत करायची ती म्हणून. ठाऊक नाही, ठाऊक नाही... आता तर मीच म्हणतेय.

असो. आधी कानातला मळ काढून घ्यायचा, अर्धे प्रश्न ऐकूच येत नसतील. मग बी-१२, थायरॉइड, हिमोग्लोबिन, सोडियम. १५ प्रश्नांची हो-नाही प्रश्नावली. ५ च्या वर गुण गेले तर नैराश्याचा संशय, निदान नव्हे. झोपेसाठी चाललेली अमिट्रिप्टिलिनची गोळी डॉक्टरांना दाखवायचीच: तीही या वयात विसरायला लावू शकते, शिवाय बद्धकोष्ठ. परस्पर बंद मात्र नाही करायची. नैराश्यावरची सर्ट्रालिन दिली तर बहुधा २५ मिलिग्रॅमपासून, आणि दोनेक आठवड्यांत सोडियम परत तपासायचं. ते घसरलं की माणूस आणखीच भांबावतो. गुण यायला ६ ते ८ आठवडे, कधी १२. म्हणजे गणपती उजाडणार. तोवर ‘वय झालं’ म्हणणाऱ्यांना चहा पाजायचा.

एस्टी पहिली. तिला पेज भरवून न्यायचं, नाहीतर घाटात उलट्या. गोळ्यांची पिशवी अख्खी, काढ्याच्या बाटलीसकट. ती बाटली कुठल्या डब्यामागे लपवलीय, हे मात्र बाईसाहेबांना पक्कं आठवतं.