घड्याळ म्हणे झोप मस्त, टीपीएवालेही तेच म्हणे : स्लीप स्टडीचा माझा अनुभव

झोप मोजणाऱ्या स्मार्ट घड्याळाचा स्क्रीनशॉट इन्शुरन्सच्या फाईलमध्ये जाऊ देऊ नका. बाकी सगळं नंतर सांगते, पण ज्यांच्या घरी कोणाची स्लीप स्टडी (रात्रभर वायरी लावून करतात ती झोपेची तपासणी) व्हायची आहे त्यांनी हे आधी वाचा, कारण त्या एका कागदापायी आमचा जीव मेटाकुटीला आला आणि आठवलं की अजूनही डोकं तापतं.

माझ्या मिस्टरांचं घोरणं जुनंच, त्याची सवय झाली होती. पण मागच्या उन्हाळ्यात घोरता घोरता मधेच एकदम शांत व्हायला लागले. कूलरचा एवढा आवाज असूनही ती शांतता कळायची, मी अंधारात मोजत बसायची, वीस, बावीस, पंचवीस, आणि मग गुदमरल्यासारखा मोठ्ठा श्वास, अंग झटकून कूस बदलणार की पुन्हा घोरणं चालू. दिवसा बसल्या जागी डोळे मिटायचे, वर्धा रोडवर सिग्नलला गाडी थांबली तरी डुलकी यायची, बीपीची गोळी चालू असून बीपी खाली येत नव्हतं. डॉक्टरकडे चला म्हटलं की मनगट पुढे करायचे, "तू काहून टेन्शन घेऊन राहिली, हे बघ ना, स्लीप स्कोर ८६, ऑक्सिजन ९६, सगळं हिरवं दाखवून राहिलं." शेवटी मी एका रात्री मोबाईलवर रेकॉर्डिंग केलं आणि सकाळी अॅपसमोर ठेवलं. ज्या वेळेला यांचा श्वास थांबत होता बरोब्बर त्याच वेळेला घड्याळाने गडद निळी पट्टी दाखवली होती, म्हणजे गाढ झोप. ते ऐकल्यावर आले गुपचूप.

इथे नागपुरात धंतोलीत डॉक्टर चांगले भेटले. मानेचा घेर मोजला, घसा पाहिला, दिवसा कधी कधी झोप येते याचा एक छोटा फॉर्म भरून घेतला (त्याला एपवर्थ स्केल म्हणतात, २४ पैकी १० च्या वर गेलं की लक्ष द्यायचं, घरीही भरून बघता येतो), रेकॉर्डिंग ऐकलं आणि लगेच रात्रभराची स्लीप स्टडी लिहून दिली. झोपायच्या आणि उठायच्या वेळा कळाव्यात म्हणून घड्याळाच्या अॅपचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअॅपवर मागवला, तो रिसेप्शनवरच्या मुलीने प्रिंट काढून केस पेपरला स्टेपल केला. तिथूनच सगळं सुरू झालं.

स्लीप लॅब दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये. तिथे टीपीए (इन्शुरन्स कंपनीच्या वतीने क्लेम बघणारे लोक) डेस्क म्हणून काचेची एक खोली, समोर लोखंडी बाकडं, आत दोन कॉम्प्युटर आणि त्यातला एक कायम बंद. कॅशलेससाठी फॉर्म भरला, आधार, पॉलिसी कार्ड, डॉक्टरांची चिठ्ठी, सगळं दिलं. डेस्कवरच्या भाऊंनी फाईल जशीच्या तशी स्कॅन करून पाठवली, स्क्रीनशॉटसकट. दुसऱ्या दिवशी फोन, "मॅडम, वरून क्वेरी आली." काय क्वेरी, तर सोबत जोडलेल्या रिपोर्टनुसार पेशंटची झोप आणि ऑक्सिजन नॉर्मल आहे, मग तपासणीची गरज काय ते कळवा.

रिपोर्ट! मनगटावरच्या घड्याळाच्या रंगीत पट्ट्यांना हे लोक रिपोर्ट म्हणून राहिले होते. मी भाऊंना म्हटलं अहो दादा, तो काही लॅबचा रिपोर्ट नाही, घड्याळ आहे ते, दुकानातून आणलेलं. ते म्हणाले मला कळतं मॅडम, पण वरच्यांना लेखी पाहिजे, डॉक्टरांचं लेटर आणा. डॉक्टर नेमके कॉन्फरन्सला बाहेरगावी. ते येईपर्यंत थांबलो. इकडे रात्री मी जागी, ते बिचारे श्वासासाठी धडपडून राहिले आणि स्कोर रोज ऐंशीच्या वर.

त्या बाकड्यावर बसून बसून मी या विषयावर एवढं वाचलं की विचारू नका. घड्याळ झोप मोजतच नाही, ते अंदाज लावतं. आत हालचाल टिपणारा एक सेन्सर असतो आणि मागे हिरवा लाईट, त्यावरून नाडी कळते. हालचाल नाही, नाडी मंद, म्हणजे झोपले. बाहेरून लाईट बंद दिसला म्हणजे घरातले झोपले समजण्यासारखं झालं हे. खरी झोप कळते मेंदूच्या लहरींवरून, आणि मनगटावर मेंदूच्या लहरी पोचत नाहीत. २०२१ मध्ये स्लीप नावाच्या जर्नलमध्ये एक अभ्यास आला, ३४ निरोगी तरुण माणसांना सात वेगवेगळी यंत्रं लावून खऱ्या स्लीप स्टडीशी ताडून पाहिलं. माणूस झोपलेला असेल तर यंत्रं ९३ टक्के किंवा त्याहून जास्त वेळा बरोबर ओळखत होती. पण माणूस जागा असेल तर ते ओळखण्याचं प्रमाण १८ ते ५४ टक्के. म्हणजे पडल्या पडल्या छताकडे बघत असलात तरी घड्याळ बऱ्याचदा झोपेतच धरतं. आणि ही निरोगी तरुणांची गोष्ट, आमच्या मिस्टरांसारख्या पन्नाशीतल्या, बीपीवाल्या, रात्रभर काही सेकंदांसाठी दचकून जागं होणाऱ्या माणसाचं काय!

ऑक्सिजनचंही तेच. बरीच घड्याळं रात्रभर सलग मोजत नाहीत, मधूनमधून मोजतात आणि सकाळी सरासरी दाखवतात. श्वास थांबला की ऑक्सिजन खाली जातो आणि श्वास आला की वर येतो, मग सरासरीत तो खड्डा दिसणार कुठून?

डॉक्टर आले आणि त्यांनी चार ओळींचं पत्र दिलं, की हे निदानाचं उपकरण नाही, अमेरिकेतल्या स्लीप मेडिसिनच्या अकॅडमीने २०१८ मध्येच सांगितलंय की अशी ग्राहकोपयोगी उपकरणं निदानासाठी वापरायची नाहीत, डॉक्टरांशी बोलायला उपयोगी पडली तर पडू द्यावी. मला वाटलं झालं काम. परत अपलोड, परत वाट. दुसरी क्वेरी, बीपी कधीपासून आहे त्याचे जुने कागद. दिले. परत शांतता, मी फोन केला की "प्रोसेसमध्ये आहे", दुसऱ्याने उचलला की "डॉक्टर पॅनेलकडे आहे". आणि मग एके दिवशी भर दुपारी, बाहेर ऊन रणरणतंय, मेसेज आला, रिजेक्टेड. आणि कारण काय? घड्याळ नाही, बीपी नाही. एक्सक्ल ०४ म्हणून एक कलम असतं, ज्यात फक्त तपासणीसाठी भरती झालं तर खर्च मिळत नाही.

अरे मग हे पहिल्याच दिवशी सांगायचं होतं ना! हे कलम बहुतेक मेडिक्लेम पॉलिसीत जवळपास त्याच शब्दांत छापलेलं असतं. आमच्या पॉलिसीतही होतं, त्यांना ते ठाऊकच होतं, तरी पत्रं मागवली, कागद मागवले. पैसे नाही मिळाले याचं मला तेवढं वाईट नाही वाटलं, एवढ्या रात्री वाया गेल्या त्याचा संताप आला. म्हणून सांगते, आधी पॉलिसीत ओपीडीचा खर्च बसतो का बघा, डेस्कवर सरळ विचारा की तपासणीसाठी भरती चालते का, उत्तर लेखी घ्या, आणि नाही म्हणाले तर एक दिवसही थांबू नका.

आम्ही पैसे भरले आणि तारीख लगेच मिळाली. जायच्या दिवशी डोक्याला तेल लावू नका, दुपारनंतर चहा-कॉफी नको, नखांना मेंदी किंवा नेलपॉलिश नको कारण बोटाला ऑक्सिजनचं क्लिप लागतं, उशी घरची न्या. रोजच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत. टेक्निशियन मुलगा फार शांत होता, टेपने डोकं मोजलं, पेन्सिलने खुणा केल्या, केस बाजूला करून पांढरी पेस्ट लावून एकेक वायर चिकटवली. डोळ्यांच्या बाजूला, हनुवटीला, छातीला, पायांना वायरी, नाकात नळी, छातीला आणि पोटाला पट्टे. मग म्हणाला, काका, डोकं न हलवता वर बघा, खाली बघा, डोळे मिचकावा, दात आवळा, म्हणजे यंत्र बरोबर घेतं की नाही ते कळतं. यांनी घड्याळही हातात ठेवलं होतं, मीच आग्रह केला होता, मला एकदा समोरासमोर बघायचंच होतं.

घड्याळ म्हणालं सात तास पाच मिनिटं. लॅबचा रिपोर्ट आला, पाच तास दहा मिनिटं. आणि एएचआय ३८. एएचआय म्हणजे तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा अर्धवट झाला, दहा सेकंद किंवा जास्त वेळ. पाचपर्यंत नॉर्मल, तीसच्या वर गंभीर. ऑक्सिजन एका वेळी ७९ पर्यंत उतरलेला. हे कागद बघून मी तिथेच रडले, आणि खरं सांगते, त्यात भीतीपेक्षा सुटका जास्त होती, की मी अंधारात मोजत होते ते खोटं नव्हतं.

एक गोष्ट विसरले. बुकिंग करतानाच स्प्लिट नाईट करता का ते विचारा, म्हणजे पहिल्या अर्ध्या रात्रीत त्रास गंभीर दिसला तर उरलेल्या रात्रीत सीपॅप मशीन (मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं) लावून प्रेशर ठरवतात, दुसऱ्यांदा यावं लागत नाही. आमचं तसंच झालं. ज्यांना लॅबमध्ये झोपवत नाही त्यांच्यासाठी घरी करायची टेस्टही असते, तिला वायरी कमी, पण मेंदूच्या लहरी बहुतेक त्यात नसतात, त्यामुळे कोणाला कोणती पुरेल ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.

आणि घड्याळ फेकून द्या असं मी म्हणत नाही. किती वाजता पडतो, किती वाजता उठतो, सुटीच्या दिवशी किती बिघडतं, हे त्यातून चांगलं कळतं, डॉक्टरांनीही तेवढंच पाहिलं. काही नव्या घड्याळांत तर २०२४ पासून स्लीप अॅप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास थांबण्याच्या याच आजाराची, शंका सांगायची सोय आली आहे, तिला अमेरिकेत सरकारी मान्यता आहे, पण तीही फक्त "तपासून घ्या" एवढंच सांगते, आणि तिने काही सांगितलं नाही म्हणजे आजार नाही असं अजिबात नाही. गाढ झोप किती, स्वप्नांची झोप किती, त्या रंगीत पट्ट्यांवर जीव टांगू नका. काही लोक तर स्कोर कमी आला म्हणून काळजीने जागतात, त्याला २०१७ मध्ये डॉक्टरांनी ऑर्थोसोम्निया असं नावच दिलंय.

सीपॅपचा मास्क पहिल्या काही रात्री यांनी झोपेत काढून टाकला. नाकावर घट्ट बसत होता, साईझ बदलून घेतली मग जमलं. विकत घेण्याआधी भाड्याने घ्या, आणि दुकानदाराकडून दोन-तीन प्रकारचे मास्क लावून बघा, तिथेच पडून, कूस बदलून, उभ्या उभ्या नाही. मशीनमधल्या कार्डावर रोजचा एएचआय येतो, डॉक्टर आता तोच बघतात, मागच्या वेळी चारच्या आत होता. बीपीची गोळीही डॉक्टरांनी अर्धी केली आहे.